खर्जासाठी सबवूफर आणि तांब्याची वायर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागातील आमच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर जे काही होते ते पाच दिवस पाण्यात राहिले. त्यात माझे स्पीकरही होते. पाणी ओसरल्यावर पाहिले तर पेट्यांचा एमडीएफ, म्हणजे लाकडी तंतूंचा दाबीव तक्ता, भिजलेल्या टोस्टसारखा फुगून फाटला होता, कागदी शंकू कडेपासून सुटून आले होते, आणि वायरच्या पारदर्शक आवरणातून आत हिरवट काळे पडलेले तांबे दिसत होते. वायर तरी वाचेल म्हणून मी टोकाकडून ती कापत गेलो. पण पाणी तारांच्या फटींतून वर चढत गेलेले असल्यामुळे दोन हात कापूनही लखलखीत तांबे काही लागले नाही, आणि शेवटी तीही भंगारात गेली.

त्यानंतर काही वर्षे मोबाइलवरच भागवले. विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर राहायला आल्यानंतर मात्र पुन्हा नीट संच लावायचे ठरवले, आणि या वेळी सबवूफर, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणारी वेगळी पेटी, घ्यायचा की नाही, घ्यायचा तर कसला, आणि वायर कोणती, या तीन प्रश्नांवर मी स्पीकर निवडण्यापेक्षा जास्त वेळ घालवला.

पहिला प्रश्न मला खरोखरच पडला होता, कारण माझे ऐकणे बहुतांशी शास्त्रीय गायनाचे आहे. मिरज इथून जवळच. दर्ग्याच्या आवारातील संगीतसभेला जाऊन आणि सतारमेकर गल्लीत तंबोरे जुळवले जाताना ऐकून कानाला एक मोजमाप मिळालेले आहे. हिशेब करून पाहिला. गायकाचा षड्ज काळी एक, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी, धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांचा, आणि तंबोऱ्याची खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची, तार त्याच्या निम्म्याने, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास लागते. गायिकेचा षड्ज काळी पाच असेल तर खर्ज ११६ च्या वर जातो. म्हणजे ख्यालाच्या मैफलीत साठ हर्ट्झच्या खाली ऐकण्यासारखे फारसे काही नसते. याउलट बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला वाजते, पियानोची सर्वांत डावीकडची पट्टी साडेसत्तावीसला, आणि चित्रपटातला स्फोट किंवा भूकंप त्याच्याही खाली उतरतो. माझा भाचा म्हणतो ते ‘छातीत बसणे’ हे त्या खालच्या दोन सप्तकांचे काम आहे. माझे काम त्याच्या वरच्या सप्तकात आहे.

पण तेही पुरेसे अवघड असते. पाच इंची वूफरचा, म्हणजे खालच्या स्वरांच्या शंकूचा, कपाटावर मावणारा स्पीकर साधारण साठ-सत्तर हर्ट्झपासून खाली ढेपाळू लागतो, म्हणजे नेमका खर्जाच्या उंबरठ्यावर. यामागचे गणित निर्दय आहे: आवाज तेवढाच ठेवून वारंवारता निम्मी केली, तर शंकूला चौपट हवा ढकलावी लागते. लहान शंकूकडे तेवढे क्षेत्रफळ नसते आणि मागेपुढे सरकायला तेवढी जागाही नसते. म्हणून सबवूफरमध्ये आठ इंचांऐवजी बारा इंचांचा शंकू घेतला, की व्यास दीडपट होतो आणि क्षेत्रफळ सव्वादोनपट. भाच्याचा हट्ट बारा इंचांचाच होता, तोही भोक असलेल्या, म्हणजे पोर्टेड पेटीचा.

इथे माझे आणि त्याचे बिनसले. पोर्टेड पेटी त्याच आकाराच्या बंद पेटीपेक्षा खाली जास्त जोर देते, हे खरे आहे. पण भोक ज्या वारंवारतेला जुळवलेले असते तिच्याखाली तिचा आवाज सप्तकाला २४ डेसिबल इतक्या वेगाने कोसळतो, तर बंद पेटीचा १२ डेसिबलने, सावकाश. बंद पेटीचा आणखी एक फायदा असा, की आघात संपला की शंकू लवकर थांबतो. डग्ग्यावरचा घिस्सा, म्हणजे हात घासत काढलेला नाद, जिथे संपतो तिथे तो संपलेला ऐकू येतो. चित्रपट हा मुख्य उपयोग असेल आणि खोली मोठी असेल, तर मी भाच्याचे म्हणणे मान्य केले असते. आमची खोली चौदा बाय अकरा फुटांची आहे. मी दहा इंची, बंद पेटीचा सब घेतला.

वॉटबद्दल फार लिहीत नाही. खोक्यावर पीएमपीओच्या, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीच्या, नावाखाली छापलेला चार आकडी मजकूर वाचायचाच नाही. आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा आकडा, पाहायचा, आणि तोही लिहिलेला नसेल तर पेटीच्या मागच्या पट्टीवर ती किती वॉट वीज घेते ते पाहायचे. जी पेटी भिंतीतून साठ वॉट घेते ती हजार वॉट सतत बाहेर टाकू शकत नाही, एवढे समजायला वायरमनही लागत नाही.

खरी परीक्षा सब घरी आल्यावर सुरू झाली. पहिल्या दिवशी तो सगळ्यांप्रमाणे कोपऱ्यात ठेवला आणि तंबोऱ्याऐवजी गिरणीशेजारी बसल्यासारखे वाटू लागले. कारण खोलीतच होते. चौदा फूट म्हणजे ४.२७ मीटर, ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून त्याला या लांबीच्या दुपटीने भागले, की ४० हर्ट्झ येतात. अकरा फुटांच्या बाजूचे उत्तर ५१ येते. या वारंवारतांना खोली स्वतःच घुमते, आणि आपल्याकडच्या विटा-सिमेंटच्या भिंती खालचा आवाज जवळजवळ शोषतच नाहीत. कोपऱ्यात ठेवलेला सब हे सगळे घुमारे एकदम जागे करतो. त्यातून आमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, आणि भिंतीशी दाब सर्वांत जास्त असतो.

यावर एक जुना उपाय आहे, आणि तो करताना घरचे दार लावून घ्यावे असे माझे मत आहे. सब उचलून आपल्या बसण्याच्या जागी, सोफ्यावर, ठेवायचा. खालच्या स्वरांचे एखादे ध्वनिमुद्रण लावायचे. आणि आपण भिंतीच्या कडेने ओणवे होऊन, कान सबच्या उंचीवर ठेवून सरकत जायचे. जिथे आवाज स्वच्छ आणि समतोल ऐकू येईल ती सबची जागा. ध्वनीचा मार्ग दोन्ही दिशांनी सारखाच असल्यामुळे ही अदलाबदल चालते. पाहुण्यासारखा सोफ्यावर बसलेला तो काळा ठोकळा आणि रांगणारा मी, हे दृश्य सौभाग्यवतींनी चहाचा ट्रे हातात घेऊन बराच वेळ पाहिले, आणि मग “आज कोणाला जेवायला वाढायचं?” एवढेच विचारले.

जागा सापडली ती चौदा फुटांच्या भिंतीच्या जवळजवळ मध्यावर. नंतर विचार केल्यावर कारणही पटले: लांबीच्या पहिल्या घुमाऱ्यात मध्यावर हवेचा दाब बदलतच नाही, आणि तिथे ठेवलेला सब त्या ४० हर्ट्झच्या घुमाऱ्याला हात घालू शकत नाही. क्रॉसओव्हर, म्हणजे जिच्या खालचे स्वर सबकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवला. चित्रपटांच्या ध्वनीचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सने हाच आकडा प्रमाण मानलेला आहे, कारण त्याच्या खालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला सहसा ओळखता येत नाही. ८० हर्ट्झची एक लाटच चार मीटरांहून लांब असते. म्हणून सब बाजूच्या भिंतीशी असला तरी गवई समोरच बसलेला वाटतो.

आता वायर. या विषयावर जितके पैसे आणि शब्द वाया जातात तितके संचाच्या दुसऱ्या कोणत्याही भागावर जात नसतील. मला तो विषय तासगावच्या आमच्या द्राक्षबागेत समजला होता, तेव्हा मला ओहमचा नियम येत नव्हता. विहिरीपासून खांब लांब होता, थोरल्या भावाने पैसे वाचवायला बारीक केबल टाकली, आणि मोटार घुरघुरत राहिली, पाणी उचलेना. लांब आणि बारीक तार आपल्याच अंगात विजेचा दाब खाते. स्पीकरची वायर याहून वेगळे काहीही करत नाही.

एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे सुमारे ०.०१७ ओहम रोध असतो. माझा डावा स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरपासून तीन मीटरवर आहे, पण उजव्याची वायर दाराची चौकट वळसा घालून न्यावी लागते, म्हणजे दहा मीटर, जाऊन-येऊन वीस. स्पीकरसोबत खोक्यात आलेली अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर वापरली असती तर रोध ०.६९ ओहम झाला असता, आणि माझ्या ६ ओहमच्या स्पीकरचा जवळजवळ एक डेसिबल आवाज वायरीतच गेला असता. शिवाय स्पीकरचा रोध प्रत्येक स्वराला बदलत असल्यामुळे ही गळती सगळीकडे सारखी नसते. कुठे जास्त, कुठे कमी, आणि स्वराचा पोत बदलतो. वायरीचा रोध स्पीकरच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा, असा साधा दंडक आहे. ६ ओहमला तो ०.३ होतो. दीडची वायर दहा मीटरला ०.२३ देते, म्हणजे ती चालली असती. मी अडीचची घेतली, जी ०.१४ वर येते. त्या जास्तीच्या जाडीने कानाला काही फरक पडला असे मी म्हणणार नाही, मनाला पडला.

स्पीकर वायरवर गेजचे आकडे असतील तर ते उलटे चालतात हे लक्षात ठेवावे: १६ गेज म्हणजे १.३ चौरस मिलिमीटर, १४ म्हणजे २.१, आणि १२ म्हणजे ३.३. ऑक्सिजनविरहित तांब्याचा गवगवा मोठा असतो, पण साध्या विजेच्या तांब्याशी त्याचा वाहकतेतला फरक एखाद्या टक्क्याइतकाही भरत नाही. घराच्या वायरिंगची बहुतंतू तांब्याची वायर, लाल आणि काळी एकत्र पिळून, अगदी उत्तम काम करते. दोन्ही बाजूंच्या वायरींची लांबी सारखी असली पाहिजे हाही एक समज आहे. माझ्याकडील सात मीटरच्या फरकाने पडणारा उशीर सेकंदाच्या कोटीव्या भागाहूनही कमी आहे.

फसवणूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. मी पहिल्यांदा जे वेटोळे आणले त्याच्या पारदर्शक आवरणातून झकास तांबूस रंग दिसत होता आणि वजन मात्र हातात भरत नव्हते. घरी येऊन एक तार ब्लेडने खरवडली, तर आत पांढरी: अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अ‍ॅल्युमिनियम शेतातही चालते, फक्त तिथे आपण जाणूनबुजून एक नंबर जाड घेतो. इथे तांब्याच्या नावाने ते गळ्यात मारले गेले होते. मुलाम्याच्या तारेचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, आणि ती स्क्रूखाली वारंवार दाबली की तुटते. एक अपवाद सांगायला हवा: कल्हई केलेली तांब्याची तारही वरून पांढरी दिसते, पण ती खरवडल्यावर आत तांबडी निघते.

जोडताना दोन्ही स्पीकरचे धन-ऋण सारखे लागले आहेत ना, हे पाहणे मला कोणत्याही महागड्या वायरीपेक्षा महत्त्वाचे वाटते. एकाचे उलटे लागले तर एक शंकू पुढे येताना दुसरा मागे जातो, खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात, आणि माणूस सब कमी पडतो असे समजून मोठा सब आणायला निघतो. शंका असेल तर दीड व्होल्टचा सेल वायरीच्या टोकांना क्षणभर टेकवावा. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला असेल तर वूफर पुढे उसळतो.

सबला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असल्यामुळे त्याला स्पीकर वायर लागतच नाही, ध्वनीचा संकेत नेणारी, जाळीच्या आवरणाची एक आरसीए केबल आणि विजेचा प्लग पुरतो. त्या केबलने मात्र मला दोन दिवस छळले, कारण संच चालू करताच सबमधून संथ गुणगुण येऊ लागली. आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण नेमकी सबच्या हद्दीत पडते, त्यामुळे लहान स्पीकरमध्ये न जाणवणारा दोष इथे उघडा पडतो. एकेक वस्तू सोडवत गेलो आणि टीव्हीची केबल काढताच खोली शांत झाली: केबलवाल्याची जमीन वेगळी, घराच्या अर्थिंगची वेगळी, आणि दोघींमधला प्रवाह माझ्या आरसीएच्या जाळीतून वाहत होता. सगळी यंत्रे एकाच बोर्डावर घेतली आणि टीव्हीच्या वाटेवर अलगीकरणाचा छोटा ट्रान्सफॉर्मर बसवला. प्लगची अर्थिंगची पिन तोडून टाका, असा सल्ला मला दोघांनी दिला होता. गुणगुण त्यानेही जाते, पण पेटीत बिघाड झाला तर जीवही जातो.

आता सबचा आवाज मी इतका ठेवला आहे की तो चालू आहे हे पाहुण्यांना सांगावे लागते. तंबोऱ्याच्या बाबतीत हे आणखी नाजूक आहे, कारण खर्जाच्या तारेचे वैभव मूळ स्वरापेक्षा जवारीतून, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या किंचित गोलसर घोडीतून, उमलणाऱ्या वरच्या स्वरांशांत जास्त असते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांवर लिहिलेल्या निबंधात दाखवले होते, की तार छेडण्याच्या जागेमुळे एरवी गप्प राहायला हवेत ते स्वरांशही या घोडीमुळे बोलू लागतात. सब त्या झळाळीखाली फक्त जमीन धरतो. जास्त केला तर तंबोऱ्याचा भोपळा खोलीएवढा होतो.

खालच्या मजल्यावरील काकूंना गाणे ऐकू येत नाही, पण डग्गा येतो, कारण स्लॅबमधून खालचे स्वरच पार होतात. पेटीखाली जाड रबराचे चार पाय बसवले, त्याने थोडे बरे झाले. रात्री दहानंतर मी सब बंद करतो. पहिली काही मिनिटे तंबोरा उभाच राहत नाही, आणि मग कान वरच्या स्वरांशांवरून तो खर्ज स्वतःच लावून घेऊ लागतो.