नुर आणि लसूण

काल कपिलतीर्थ मंडईत डाळिंबं घेत होतो. मावशी म्हणाल्या, "घ्या की दादा, भगवा हाय, दाणं बघा." एक फोडून हातावर दाणे ठेवले. माझ्या डोक्यात मात्र आठवडाभर एकच शब्द घोळतोय: नुर. आर्मेनियन भाषेत डाळिंबाला नुर म्हणतात (र चांगला खडखडीत). आपल्या 'चेहऱ्यावरचा नूर'शी याचा काही संबंध नाही, तो अरबी.

खरी गंमत पुढे आहे. त्या भाषेत एकाक्षरी नामाला अनेकवचनात 'एर' लागतो, लांब नामाला 'नेर'. म्हणजे नुरचं 'नुरेर' व्हायला हवं. होतं मात्र 'नर्नेर'! कारण जुन्या आर्मेनियनमध्ये शब्द 'नुर्न' असा होता. शेवटचा न एकवचनात गळाला, अनेकवचनात टिकून राहिला. मासा म्हणजे 'झुक', त्याचंही तसंच, 'झ्कनेर'. डाळिंबाचा म्हणायचं तर 'नरान', तिथंही तो न आहेच.

आणि मधला उ? तो विरघळून अ होतो. हे वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात कांदा-लसूण चटणीसाठी पाकळ्या सोलत होतो. लसूण, पण लसणाची चटणी. माणूस, पण माणसाला. आपणही उ असाच गिळतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

अक्कादी या आजच्या इराककडच्या प्राचीन भाषेतही डाळिंब 'नुर्मू', म्हणजे शब्द त्या भागात फार जुना. आपलं डाळिंब संस्कृत 'दाडिम'वरून.

मावशींना यातलं काही सांगितलं नाही. दोन किलो घेतली, एक किडकं निघालं.