पाठीवरच्या पट्ट्या आणि बांधावरचं गाजर गवत

तासगाव तालुक्यात आमची सव्वा एकर द्राक्षबाग आहे. चार वर्षांपूर्वी श्रावणात माझ्या पापण्या सुजल्या. मग मानेच्या वळ्या, कोपराची आतली बाजू, कानामागे. कातडी लाल आणि जाड व्हायची, रात्री खाजवून रक्त यायचं. घरीदारी सगळे एकच सांगायचे, बागेवर औषधं मारतोस, तीच बाधली. मलाही पटलं. फवारणी भावाकडे दिली, तरी काही फरक पडला नाही.

जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन मिळायचं. आठ दिवस अंग शांत, नवव्या दिवशी पुन्हा आग. ते स्टेरॉइड होतं हे मला दीड वर्षाने कळलं. आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं, असं आजही वाटतं.

शेवटी मिरजेला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. बाईंनी आधी महिने विचारले. फवारण्यांचा खरा मारा ऑक्टोबर छाटणीनंतर, आणि माझी खाज त्याच्या दोन महिने आधी सुरू व्हायची. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. नुसत्या उन्हाने उठलं असतं तर वरच्या पापण्या, हनुवटीखालची आणि कानामागची जागा बहुधा सुटली असती, असं त्या म्हणाल्या. हवेतून येणारी धूळ नेमकी तिथेच बसते. मग विचारलं, "बांधाला गाजर गवत आहे?"

कुठल्या बांधाला नाही? दरवर्षी मी ते उघड्या हातांनी उपटायचो, तेही पांढऱ्या फुलांनी भरल्यावर, आणि वाळायला ढीग घालायचो.

खात्रीसाठी पॅच टेस्ट करायची ठरली, म्हणजे संशय असलेल्या गोष्टी थोड्या थोड्या पाठीवर लावून कातडी कशाने उठते ते बघायचं. त्याआधी गोळ्या-इंजेक्शनं थांबवून काही आठवडे काढावे लागले, आणि तेच सगळ्यात वाईट गेले. रात्री मी ओल्या पंचात मान गुंडाळून बसायचो. सोमवारी पाठीवर छोट्या वाट्यांच्या पट्ट्या चिकटवल्या. पाठीला पाणी नाही, घाम नाही, म्हणजे शेतही नाही. बुधवारी पट्ट्या काढल्या, शुक्रवारी पुन्हा बघितलं. बाकीच्या जागा स्वच्छ होत्या, एका जागी मात्र लाल फुगवटा आणि बारीक फोड आले होते. ते गाजर गवत. नाव सापडलं म्हणून मला तिथेच रडू आलं.

हे गवत म्हणजे पार्थेनियम, झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातलं. मूळचं अमेरिकेकडचं, पुण्यात १९५५ च्या सुमारास ते नजरेत आलं. त्यातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य त्वचेला बाधतं, आणि वाळलेल्या झाडाची धूळही तितकीच वाईट. कुळ एक म्हणून शेवंतीलाही जपायला सांगितलं. बायकोने दारातल्या कुंड्या माहेरी देऊन टाकल्या, न बोलता.

मलम चालू आहे. वर्षभर गोळ्याही होत्या, त्यांनी पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागायचं. हे टाळू नका.

बांधाचं काम आता आषाढातच होतं. वाफसा असताना, रोप जमिनीलगत पसरलेलं असताना ते मुळासकट निघतं. एका झाडाला पंधरा-वीस हजार बी धरतं, म्हणून फुलाची वाट बघायचीच नाही. मी स्वतः हात लावत नाही. उपटणाऱ्या बायकांना हातमोजे, पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि तोंडाला फडकं देतो. मोकळ्या जागी टाकळा पेरला, तो गवताला दाबतो. पानं खाणारे मेक्सिकन भुंगेही दिसले, पण तेवढ्यावर भागत नाही.

शेजाऱ्यांना मात्र सांगायला मला दोन वर्षं लागली. यंदा त्यांनी त्यांच्या बाजूचा बांध स्वतःहून काढला. भाद्रपदात पापण्या सुजल्या त्या एकदाच. ओढ्याकाठचं गवत अजून तसंच उभं आहे, वारा पश्चिमेचा असला की मी तिकडून जात नाही.