नागपूरच्या मे महिन्यात टॅलिस्कर

स्कॉच ‘खोलीच्या तापमानाला’ चाखावी असा सल्ला सर्रास दिला जातो; पण तो देणाऱ्याच्या डोळ्यांसमोरची खोली स्कॉटलंडातली असते. आमच्याकडे दुपारी ४५ अंशांना टेकलेला पारा रात्रीच्या जेवणापर्यंतही फारसा उतरत नाही, आणि अशा वेळी कपाटातली बाटली थेट पेल्यात ओतली, तर अल्कोहोलची वाफ इतक्या जोराने वर येते की नाकाला झिणझिण्यांखेरीज काहीच लागत नाही. म्हणून लाकडी पिंपात दहा वर्षे मुरलेल्या टॅलिस्कर या स्कॉचची बाटली मी उघडण्यापूर्वी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून साधारण २० अंशांवर आणली. बर्फ टाळला, कारण त्याने दाहाबरोबर वासही दबतो आणि पाणी किती मिसळले यावर आपला ताबा राहत नाही.

दुसरी अडचण कूलरची. वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा गंध एरवी कितीही सुखद असला, तरी व्हिस्की हुंगताना तो मध्ये येतोच. तेव्हा कूलर बंद करून घामाघूम होणे पत्करले. सावजी रस्साही त्या रात्री वर्ज्य होता, कारण तो जेवल्यानंतर जिभेला काळी मिरी कळण्याची आशा नसते, आणि या व्हिस्कीत मिरीच तर शोधायची असते.

टॅलिस्कर १८३० पासूनची, स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या कार्बोस्ट गावची. तिथे ऊर्ध्वपातनाची वाफ आजही थंड पाण्याच्या लाकडी टाक्यांत बुडवलेल्या तांब्याच्या वेटोळ्या नळ्यांतून थंड करतात. या पद्धतीत वाफेचा तांब्याशी संबंध कमी येतो आणि मद्य अंगाने जड उतरते. रंगाला मी गुण देत नाही, कारण स्कॉचमध्ये रंगासाठी साधे कॅरेमल घालायला नियमांचीच मुभा आहे.

वासात आधी पीटचा, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या जळणाचा, धूर येतो, पण लाफ्रॉइग या दुसऱ्या स्कॉचसारखा दवाखान्याची आठवण करून देणारा नव्हे. त्यामागे खारा वारा आणि पिकलेल्या नासपतीचा गोडवा. जिभेवर आरंभ मधाळ, मग मीठ, आणि घोट उतरल्यावर घशाशी मिरी अशी काही चढते की ४५.८ टक्के अल्कोहोलचा हिशेब पटतो. चहाचा अर्धा चमचा पाणी घातल्यावर धुराखालून उन्हात सुकवलेल्या संत्र्याच्या सालीचा वास वर आला, आणि माझ्या मते ही व्हिस्की इथेच सर्वांत मोकळी होते. त्याहून अधिक पाण्याने मात्र तिचे अंग पातळ होते व लाकडाचा कडवटपणा उघडा पडतो. त्यासाठी दीड गुण कापून मी तिला दहापैकी साडेआठ देतो. उरलेली बाटली उभीच, अंधाऱ्या कपाटात ठेवावी. आडवी ठेवल्यास तीव्र मद्याने बूच खराब होते. अर्ध्याखाली गेल्यावर ती फार काळ रेंगाळत ठेवू नये, कारण आत शिरलेल्या हवेने हा धूर हळूहळू बोथट होत जातो.