काम चालू असताना घरातच राहिलात?

आम्ही स्वयंपाकघराचं काम काढलं होतं हे कळलं, की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग तेवढे दिवस राहिलात कुठे?" घरातच, म्हटलं की लगेच दुसरा: "जमतं का हो असं?" इतक्या जणांनी विचारलंय, तेव्हा एकदा लिहूनच टाकते.

जमतं. मात्र सगळे दिवस घरात थांबायची काही गरज नसते. कुठल्या दिवशी ठाण मांडून बसायचं आणि कुठल्या दिवशी सरळ बाहेर पडायचं, एवढं कळलं पाहिजे. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. फोडाफोडीला सगळं घर हौसेने हजर, फोटो काय, व्हिडिओ काय. आणि पाइप टाकायच्या दिवशी "आता ते बघतील त्यांचं ते" म्हणून मंडळी आपापल्या कामाला पसार.

फोडाफोडीच्या दिवशी मालकाचं खरं तर काहीच काम नसतं. कुठवर फोडायचं ते खडूने आखून द्यायचं, पाण्याचा मुख्य कॉक आणि त्या खोलीची वीज बंद करायची आणि निघायचं. विशेषतः घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर. टाइल, काँक्रीट, ग्रॅनाइट कापताना जी धूळ उडते तिच्यात सिलिका, म्हणजे वाळूत असतं तेच खनिज, असते. डोळ्यांना दिसते ती धूळ खाली बसते. जी दिसतच नाही ती बराच वेळ हवेत राहते आणि थेट फुप्फुसात उतरते. वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्यांना त्यातून सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. क्वार्ट्झ म्हणून मिळणाऱ्या कृत्रिम दगडात तर सिलिकाचं प्रमाण 90 टक्क्यांच्या वरही असतं. तो कापणारे कारागीर आजारी पडू लागले म्हणून ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यावर बंदीच घातली. आपल्याला चार दिवसांचा त्रास, त्या माणसाचा तो रोजचा श्वास. म्हणून दगड घराबाहेर आणि पाणी सोडत कापायचा, हे काम ठरवतानाच बोलून घ्यावं. उरलेली धूळ ओल्या फडक्याने पुसायची. कोरडा झाडू मारला की ती पुन्हा हवेत.

सिंक काढलं की आणखी एक गोष्ट लगेच करायची. सिंकखालच्या वळणदार पाइपात जे दोनेक इंच पाणी साचून असतं, तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवून धरत असतं. सिंकबरोबर ते वळणही जातं, म्हणून उघड्या पाइपाला त्याच दिवशी बूच मारायला सांगा.

पाइप आणि वायरिंगच्या दिवसांत मात्र घर सोडू नका. त्या दिवसांत कारागीर दर थोड्या वेळाने काहीतरी विचारतो, आणि तुम्ही नसलात की उत्तरही तोच देतो. आमचा वायरमन भिंतीवर खडूने फुली मारून थांबला. "ताई, मिक्सर इथे की तिकडे?" समोर ओटा नव्हता, नुसती सोललेली भिंत. मी तिथे उभी राहून हवेतच डबा उघडला, हवेतच मिक्सरचं झाकण दाबलं, आणि उजवा हात जिथे आपसूक गेला तिथे दुसरी फुली मारायला लावली. तो हसला, पण मारली. आज मिक्सरची वायर शेगडीवरून जात नाही ती त्यामुळेच.

ओट्याच्या उंचीचंही तसंच. गवंडी हाताला बसलेलं माप घेतो, साधारण 85 ते 90 सेंटीमीटर. जी व्यक्ती रोज तिथे उभी राहणार तिला उभं करा, कोपर वाकवायला सांगा आणि कोपराच्या 10 ते 15 सेंटीमीटर खाली खूण करा. सिंक खोल असतं, भांडी त्याच्या तळाशी घासायची असतात, त्यामुळे तिथे ओटा थोडा उंच असला तर कमरेला बरं. नकाशात हे सगळं असतं, कंबर तेवढी नसते. आणि प्लॅस्टर चढायच्या आधी प्रत्येक भिंतीला मोजायची टेप लावून फोटो काढा. पुढे ड्रिल मारताना पाइप कुठून गेलाय ते तोच फोटो सांगतो.

मग येतात काहीच न होण्याचे दिवस. घरच्यांना वाटतं काम रखडलं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी त्याची प्रक्रिया होऊन होतं. म्हणून ते किमान 7 दिवस ओलं ठेवावं लागतं, आणि त्याची पुरती ताकद मोजतात ती 28 व्या दिवशी. घरात राहण्याचा मोठा फायदा इथे. पाणी मारायला माणूस घरातच असतो.

राहिला जेवणाचा प्रश्न. शिजवणं अवघड नाही, इंडक्शन कुठल्याही टेबलावर बसते. फक्त ती एकटीच 2000 वॉटपर्यंत वीज ओढते, तेव्हा किटली त्याच एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. खरी भांडणं होतात ती भांडी घासण्यावरून. बाथरूममध्ये उकिडवं बसून भांडी घासायची पाळी कुणाची? आम्ही माणशी एक ताट, एक वाटी, एक पेला बाहेर ठेवला आणि बाकी सगळं खोक्यात बंद केलं. खरकटं आधी कागदाने पुसून टाकायचं, नाहीतर बाथरूमची जाळी तुंबते आणि मग प्लंबरला आणखी एक काम.

शेवटचा हप्ता मागायला कंत्राटदार येईल, तेव्हा सिंक काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. खाली वाकून प्रत्येक जोडाभोवती कोरडा कागद फिरवा, हाताला न लागणारी ओल कागदावर उमटते. मग कोपऱ्यातल्या दोन्ही ट्रॉल्या एकाच वेळी उघडा. एकमेकींवर आपटल्या, तर पैसे उद्या.