त्याच्या वरचं ग्रामर

मे महिन्यातली दुपार, कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास आणि हातात बँकेचं पत्र. सुरुवातच 'हॅड यू पेड' अशी. हॅड पुढे, पण शेवटी प्रश्नचिन्ह नाही. अर्थ कळला, हप्ता थकला होता. 'इफ' गाळलं की हॅड पुढे सरकतो, हेही शाळेत घोकलेलं. पण काऊन सरकतो?

उन्हं उतरल्यावर बर्डी गाठली, म्हणजे आमच्या नागपूरची सीताबर्डी बाजारपेठ. जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात महिन्याभरात फाडफाड इंग्रजी शिकवणारी डझनभर पुस्तकं होती. म्हटलं, "याच्या वरचं काही?" दुकानदार म्हणाला, "याच्या वर तं इंग्रजच असते, काका."

घरी येऊन मोबाइलवर शोधलं. रँडॉल्फ क्वर्क आणि मंडळींचं १९८५चं व्याकरण, हडलस्टन-पुलम यांचं २००२चं. दोन्ही दीड हजार पानांच्या वर. किंमत पाहून मोबाइल उलटा ठेवला.

आमच्या घरी एकच होतं, रेन अँड मार्टिन. लाल पुठ्ठा, त्यावर बाबांनी चढवलेलं खाकी कव्हर. त्यातले रेनसाहेब फॉरेन लीजनच्या, म्हणजे फ्रेंच सैन्यातल्या परदेशी शिपायांच्या दलाच्या, साहसकथा लिहीत, हे फार उशिरा कळलं. आधी कळतं तर जरा प्रेमानं वाचलं असतं. बाबा अंगणात खाटेवर बसून वाक्यपृथक्करण करायला लावत. मुख्य वाक्य कोणतं, गौण कोणतं, कोण कोणाला लटकलंय. मला तो आमच्या एकत्र कुटुंबाचाच नकाशा वाटे.

चालू काळ मात्र आम्हा नागपूरकरांना न शिकवता यायचा. मी जाऊन राहिलो, आय अ‍ॅम गोइंग. पुण्याहून आलेले सर 'जात आहे' म्हणा म्हणत, पण आमचं 'राहिलो' जास्त चालू होतं. घोळ पुढे झाला. मला दिसून राहिलं, म्हणून आय अ‍ॅम सीइंग. समजून राहिलं, म्हणून आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग. सरांनी वही परत फेकली. या क्रियापदांना सहसा आयएनजी लागत नाही म्हणे. का, ते तेव्हाही कोणी सांगितलं नाही. नागपुरात समजायला वेळ लागतो, तो वेळ क्रियापदात दाखवला तर बिघडलं काय?

"काय शोधून राहिले इतक्या वेळचे?" आतून हिचा आवाज.

"काही नाही, हॅड."

पैसे भरायचे राहूनच राहिले आहेत.