एकच हेडफोन दोन्हीला चालेल का?

घरी अभंग, नाट्यपदं रेकॉर्ड करणारी मुलं भेटली की हमखास विचारतात, 'दादा, गाणी ऐकायला घेतलेल्या हेडफोनवरच मिक्स केलं तर चालेल का?' तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो. मिक्स करणं म्हणजे रेकॉर्ड केलेल्या वेगवेगळ्या आवाजांचं प्रमाण जुळवणं. माझ्या मते चालत नाही, आणि सगळ्यात आधी हाल होतात ते डग्ग्याचे.

डग्ग्याचा घुमारा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असतो. नेमका तोच पट्टा बाजारातले बरेच हेडफोन फुगवून देतात. त्यात गैर काही नाही, लोकांना ते आवडतं. ऑडिओ उपकरणं बनवणाऱ्या हरमन कंपनीत ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी घेतलेल्या चाचण्यांतही बहुतेक श्रोत्यांनी थोडा वाढीव बासच पसंत केला. एसटीत बसून ऐकताना तर तो हवाच, नाहीतर खालचे सूर इंजिनाच्या घरघरीत बुडतात. पण मिक्स करताना फुगलेला डग्गा कानावर पडला की हात आपोआप फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली ओढतो. मग तेच गाणं चांगल्या स्पीकरवर लावलं की नुसती चाट (तबल्याच्या काठावरचा आवाज) टणटणते, ठेक्याला बूडच राहत नाही.

म्हणून मिक्सिंगला आवाज आहे तसा दाखवणारा हेडफोन हवा, शक्यतो ओपन-बॅक, म्हणजे कपांची मागची बाजू उघडी असलेला. सेनहायझरचा एचडी ६०० १९९७ पासून याच कामासाठी नावाजलेला आहे. तो ३०० ओहमचा आहे, म्हणजे त्याला जास्त जोराचा सिग्नल लागतो. नुसत्या मोबाइलला जोडलात तर आवाज बारीक येईल, चांगला इंटरफेस (माइक, हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) किंवा अ‍ॅम्प लागतो. गायकाच्या कानावर मात्र तो चढवू नका. त्यातून तानपुरा आणि क्लिक (लय धरायला लावलेली टकटक) बाहेर झिरपून थेट माइकमध्ये जातात. तिथे क्लोज्ड-बॅकच, म्हणजे मागून बंद असलेलाच हवा. सोनीचा एमडीआर-७५०६ (१९९१) मला त्यासाठी आवडतो. त्यात 'स', 'श' जरा टोचतात, त्यामुळे आवाजातले दोष लगेच सापडतात. चष्मा असेल तर काडीपाशी फट राहून बास गळतो, तेवढं बघून घ्या.

ब्लूटूथवर मिक्स करू नका. आवाज उशिरा पोचतो, शिवाय दाबून पाठवलेला असतो.

हेडफोन कितीही चांगला असला तरी त्यात डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानाला मिळत नाही. स्पीकरसमोर दोन्ही कान दोन्ही बाजू ऐकतात. म्हणून तानपुरा डावीकडे, पेटी उजवीकडे टाकलीत की हेडफोनमध्ये त्या खूप लांब वाटतात. रिव्हर्बही (आवाजाला दिलेला घुमाव) जास्त स्पष्ट ऐकू येतो, त्यामुळे कमी टाकला जातो. मिक्स एकदा स्पीकरवर आणि एकदा मोनोमध्ये (डावी-उजवी बाजू एकत्र करून) ऐकाच.

आणि एकाच हेडफोनचे पैसे असतील तर सपाट आवाजाचा घ्या. ऐकण्याचा आनंद त्यानं कमी होत नाही. तानपुऱ्याची जवारी (तारांची झणझणती गुंज) मला तर त्यातच जास्त सुंदर वाटते. पण घेतल्याबरोबर मिक्सला बसू नका. तुम्हाला पाठ असलेली चांगली रेकॉर्डिंग्ज आधी त्यावर काही आठवडे ऐका, त्यांतला डग्गा किती आहे ते कानात बसू द्या, मग तुमच्या फेडरला हात लावा.