ओगिमाचीतील वादा घराण्याचे गवती घर

ताकायामाहून सुटलेली बस डोंगरांच्या पोटातील लांबच लांब बोगदे ओलांडत पन्नासेक मिनिटांत ओगिमाचीला पोहोचली, तेव्हा भातकापणी आटोपली होती आणि खाचरांत नुसते सड उरले होते. जपानच्या गिफू प्रांतातील शिराकावा-गो खोऱ्यात, शो नदीच्या काठी हे गाव आहे. येथील घरांच्या बांधणीला ‘गाश्शो-झुकुरी’ म्हणतात. गाश्शो म्हणजे जोडलेले हात. साठ अंशांच्या आसपास चढ असलेली दोन पाखी आढ्याशी मिळतात, आणि समोरून पाहताना घर नमस्कार करीत उभे आहे असेच वाटते. चढ इतका उभा ठेवण्याचे कारण हिमवृष्टी, कारण येथे हिवाळ्यात माणसाच्या उंचीहून अधिक बर्फ साचतो. बहुतेक सगळी घरे नदीच्या प्रवाहाला समांतर, दक्षिणोत्तर उभी आहेत. त्यामुळे खोऱ्यातून वाहणाऱ्या वाऱ्याला छपराची अरुंद बाजूच लागते आणि दोन्ही पाख्यांवर आलटून पालटून ऊन पडून गवत वाळते.

मी प्रामुख्याने वादा घराण्याचे घर पाहायला गेलो होतो. हे घराणे गावच्या कारभारात प्रमुख होते आणि सोऱ्याच्या व्यापारात त्याचा हात होता. बंदुकीच्या दारूला लागणारा हा सोरा घराच्या जमिनीखालीच तयार होई. चुलीभोवतीच्या खड्ड्यांत माती, रेशीमकिड्यांची विष्ठा आणि दवण्याच्या कुळातील रानझाडे यांचे थर देऊन ते काही वर्षे कुजू देत, आणि मग ती माती पाण्याने धुऊन, पाणी आटवून सोरा काढीत. रेशीमकिडे वरच्या माळ्यांवर, त्यांची विष्ठा खाली जमिनीत, आणि मधल्या मजल्यात माणसे, असा एकाच छपराखाली चालणारा हा संसार होता. पुढे बाहेरून स्वस्त सोरा येऊ लागला आणि हा धंदा संपला.

जोडे काढून मी लाकडी जिन्याने माळ्यावर गेलो. खालच्या इरोरीचा, म्हणजे जमिनीतील चुलीचा धूर आणि ऊब वर यावी म्हणून माळ्याच्या जमिनीत फटी ठेवलेल्या असतात. पिढ्यानपिढ्यांच्या धुराने वासे, दोऱ्या आणि गवताची आतली बाजू काळीभोर, तुकतुकीत झाली आहे. त्याच धुरामुळे त्यांना कीड लागत नाही. छपराच्या सांगाड्यात एकही खिळा नाही. वासे दोरखंडांनी आणि ‘नेसो’ नावाच्या लवचीक झाडाच्या पिळलेल्या कोवळ्या फांद्यांनी आवळलेले आहेत. मी गुडघे टेकून वाशाचा पाय पाहिला. तो टोकाशी निमुळता तासलेला असून तुळईत कोरलेल्या खळग्यात नुसता टेकवलेला आहे. भूकंपात किंवा वादळात छप्पर थोडे हलते, पण मोडत नाही. शिवाय काही तुळया टोकाशी वाकड्या आहेत. उतारावर बर्फाच्या भाराने बुंध्याशी वाकलेली झाडे मुद्दाम निवडून, त्यांचे वळण तसेच ठेवून त्या घडवल्या आहेत. इतके निरीक्षण असलेल्या कारागिरांपुढे मी मनोमन हात जोडले.

मात्र खालचा भाग सुतारांनी उभारला, तरी छप्पर गावाने बांधलेले असते. गवत तीस-चाळीस वर्षे टिकते. मग शाकारणी करावी लागते आणि एका घराला ती कधीच झेपणारी नसते. तेव्हा शेदोनशे माणसे जमून एक पाखे एक-दोन दिवसांत पुरे करतात. या पद्धतीला ‘युई’ म्हणतात. आपल्याकडच्या इर्जिकेशी तिचे नाते मला तत्काळ ओळखू आले: आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. पुरुष छपरावर चढत, बायका गवत पुरवीत आणि सर्वांचा स्वयंपाक सांभाळीत.

ही घरे टिकली, तीही अशाच एकीमुळे. १९६१ साली पूर्ण झालेल्या मिबोरो धरणात नदीच्या वरच्या अंगाची वस्ती बुडाली, इतर ठिकाणची घरे विकली गेली किंवा पाडली गेली. १९७१ मध्ये ओगिमाचीच्या रहिवाशांनी एकत्र येऊन ठरवले की घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही आणि पाडायचे नाही. १९९५ साली या गावाला शेजारच्या गोकायामा भागातील दोन वस्त्यांसह जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि त्याच वर्षी वादांचे घर राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती ठरले. घराच्या एका भागात अजून कुटुंब राहते.

बाहेर आल्यावर वाटेत एका घराचे छप्पर निरखून पाहिले. एक पाखे करडे पडून त्यावर शेवाळ धरले होते, दुसरे नुकतेच शाकारलेले, पिवळेधमक होते, आणि कडेला गवताची कापलेली टोके एका रेषेत, वीतभराहून कितीतरी जाड दिसत होती. शेजारच्या खाचरात सुकलेल्या गवताच्या पेंढ्या उभ्या करून ठेवल्या होत्या.